‘नाहीतर’चा अर्थ : संगणकीय सशर्त विधानांच्या लेखननियमांची समीक्षा

१

महाराष्ट्रात मलकापूर ह्या नावाची गावे एकाहून अधिक आहेत. एक बुलढाणा जिल्ह्यात आहे. दुसरे कोल्हापूर जिल्ह्यातील शाहूवाडी तालुक्यात, विशाळगडाच्या वाटेवर आहे. प्रस्तुत लेखात अभिप्रेत असलेले मलकापूर हे सातारा जिल्ह्यातील, कऱ्हाडास लागून, पुणे–बंगळूर महामार्गाच्या कडेला वसलेले होय. ह्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस येथे महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या साहाय्याने चोवीस तास पाणीपुरवठ्याची योजना उभी राहिली, आणि त्या योजनेमुळे ह्या लहानशा नगराचे नाव राज्याबाहेरही गेले. नळजोडण्यांना मीटर, दुरून वाचता येणारे वाचन, आणि वापर वाढेल तसा दर वाढत जाणारी टप्प्याटप्प्याची आकारणी ही तिची ठळक अंगे होत. योजनेच्या अभियांत्रिकी बाजूचा विचार येथे कर्तव्य नाही. भाषेच्या अभ्यासकाचे लक्ष वेधून घेणारी गोष्ट वेगळीच आहे. टप्प्याटप्प्याची आकारणी ही मुळात एक सशर्त वाक्यमाला असते: वापर इतका असेल तर दर इतका, नाहीतर इतका. हा नियम प्रथम ठरावाच्या मराठीत लिहिला जातो, मग आज्ञावलीच्या भाषेत उतरविला जातो, आणि शेवटी बिलावरील एका आकड्याच्या रूपाने नळधारकाच्या हाती पडतो. वाक्यात राहिलेली संदिग्धता ह्या प्रवासात नाहीशी होत नाही. ती कोणाच्या तरी पदरात रुपयांच्या रूपाने पडते.

सशर्त विधान स्पष्ट कसे लिहावे ह्याविषयी संगणकाच्या क्षेत्रात बरेच लेखननियम रूढ आहेत, व आपल्या विद्यापीठांतील विद्यार्थ्यांना ते शिकविलेही जातात. हे नियम नेमके कशाची राखण करतात, आणि कोणती गोष्ट त्यांच्या हातून निसटते, ह्याची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. तपासणीसाठी पाणीपट्टीच्या टप्प्यांचा दाखला सर्वत्र समोर ठेवला आहे. मात्र पुढे येणारे दर व आकडे केवळ उदाहरणादाखल कल्पिलेले आहेत, ते कोणत्याही नगराचे प्रत्यक्ष दर नव्हेत.

२

हा विचार नवा नाही. १९६० साली प्रसिद्ध झालेल्या ‘अल्गॉल ६०’ ह्या भाषेच्या अहवालापासून ‘लोंबत्या नाहीतर’चा प्रश्न चर्चेत आहे. ‘जर अ, तर जर ब, तर क, नाहीतर ड’ ह्या रचनेत ‘नाहीतर’ अ-शी जोडावयाचा की ब-शी, हे वाक्यावरून कळत नाही. ‘अल्गॉल ६०’ने ‘तर’च्या लगेच पुढे दुसरा ‘जर’ घेण्यास बंदी केली, ‘सी’ भाषेने ‘नाहीतर’ सर्वांत जवळच्या ‘जर’चा, असा निर्णय दिला, पायथन भाषेने ओळीच्या आरंभी सोडलेल्या मोकळ्या जागेलाच व्याकरणाचा अधिकार देऊन टाकला. १९६८ च्या मार्चमध्ये डाइक्स्ट्रा ह्यांचे ‘गो टू’ आज्ञेविरुद्धचे पत्र प्रसिद्ध झाले. कागदावरील आज्ञावली आणि यंत्रात घडणारी क्रिया ह्यांतील अंतर शक्य तेवढे कमी असावे, हा त्या पत्राचा गाभा होता. १९७४ साली कर्निघन आणि प्लॉगर ह्यांनी आज्ञावलीलेखनाच्या शैलीवर जे पुस्तक लिहिले त्याची पद्धत तर अस्सल समीक्षकाची आहे: छापील पाठ्यपुस्तकांतील आज्ञावल्या घ्यावयाच्या, त्यांतील दोष दाखवावयाचे आणि त्या पुन्हा लिहून दाखवावयाच्या. २००१ साली पायथनसाठी गीडो व्हान रॉसम आणि त्यांचे सहकारी ह्यांनी लिहिलेले ‘पेप ८’ हे नियमपत्र आज त्या भाषेच्या विद्यार्थ्यांच्या नित्य परिचयाचे आहे.

ह्या नियमांचा मोठा भाग लेखनाच्या बाह्य रूपाविषयी आहे: किती जागा सोडावी, कंस केव्हा द्यावेत, ओळ किती लांब असावी. एवढ्यावरून ते क्षुल्लक ठरत नाहीत. २०१४ च्या फेब्रुवारीत ॲपल कंपनीला आपल्या प्रणालीत तातडीची दुरुस्ती करावी लागली. तिचे कारण असे की एका अटीखालची एकच ओळ चुकून दोनदा लिहिली गेली होती. कंस नसल्यामुळे पहिली ओळ तेवढी अटीच्या ताब्यात राहिली, दुसरी बिनशर्त झाली. आणि समोरचा सर्व्हर खरा की खोटा हे ठरविणारी सही तपासलीच जाईना. दुसरी ओळही पहिलीइतकीच आत सरकवून लिहिलेली होती, त्यामुळे डोळ्यांना ती अटीखालचीच वाटे. रूप एक सांगत होते आणि व्याकरण दुसरे. एकच ओळ असली तरी कंस द्यावा, हा नियम पाळला असता तर ही चूक एकतर निरुपद्रवी ठरली असती किंवा चटकन नजरेत भरली असती. तसेच २००३ च्या नोव्हेंबरमध्ये लिनक्सच्या एका प्रतीत कोणी तरी हेतुपुरस्सर दोन ओळी घुसविल्या होत्या. त्यांतील अटीत तुलनेच्या दुहेरी बरोबर-चिन्हाऐवजी एकेरी चिन्ह होते. ‘वापरकर्ता शून्य क्रमांकाचा आहे काय?’ असा प्रश्न वरवर दिसे. प्रत्यक्षात ‘वापरकर्त्याला शून्य क्रमांकाचा कर’, म्हणजे सर्वाधिकारी कर, अशी ती आज्ञा होती. ती वेळीच पकडली गेली.

तेव्हा बाह्य रूपाचे नियम हाताच्या चुकीपासून आणि डोळ्यांच्या फसवणुकीपासून संरक्षण देतात, हे मान्य केले पाहिजे. पण अर्थाची चूक ह्याहून वेगळी असते. सुबक मांडलेले, कंसांनी युक्त, एकही नियम न मोडणारे सशर्त विधानही चुकीचे बिल काढू शकते. तेथे काय घडते हे पाहण्यासाठी आपल्या भाषेतील सशर्त वाक्याकडे वळावे लागेल.

३

मराठी व्याकरणात ‘जर–तर’ ह्यांची गणना संकेतबोधक उभयान्वयी अव्ययांत होते, आणि त्यांनी जोडलेल्या वाक्याला संकेतार्थी वाक्य म्हणतात. परंतु अट सांगण्याचा हा एकच मार्ग नाही. ‘जर वापर वाढला, तर दर वाढेल’. ‘वापर वाढल्यास दर वाढेल’. ‘दर वाढेल, वापर वाढला तर’. ‘वापर वाढल्याखेरीज दर वाढणार नाही’ अशी चार वाक्ये सहज होतात.

पहिल्यात अट आणि परिणाम ह्यांच्या सीमा दोन अव्ययांनी स्पष्ट होतात. दुसरे, ‘-ल्यास’ प्रत्ययाचे रूप, कार्यालयीन मराठीचे लाडके आहे. ते आटोपशीर आहे. पण त्यात अट परिणामाच्या वाक्यातच विरघळते, आणि ‘मुदत संपल्यास व रक्कम न भरल्यास नोटीस देऊनही न भरल्यास’ अशी माळ लांबत गेली की कोणत्या अटीचा कोणाशी संबंध हे वाचकाला शोधावे लागते. तिसरे वाक्य बोलण्यातले. पर्ल आणि रुबी ह्या भाषांनी ही उलटी रचना मुद्दाम स्वीकारली आहे. लहान आज्ञेला ती शोभते, मोठ्या आज्ञेत मात्र अट कळेपर्यंत वाचक परिणाम खराच धरून चालतो. चौथ्या वाक्यातील ‘खेरीज’ची जागाही त्या दोन भाषांत आहे, तथापि डेमियन कॉनवे ह्यांनी पर्लवरील आपल्या २००५ सालच्या पुस्तकात तिचा वापर टाळावयास सांगितले, आणि रुबीच्या रूढ नियमपत्रात ‘खेरीज’ला ‘नाहीतर’ जोडण्यास मनाई आहे. ह्या मनाईचे कारण मराठी वाचकाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. ‘वापर वाढल्याखेरीज जुना दर, नाहीतर नवा’ हे वाक्य मोठ्याने वाचून पाहिले म्हणजे नकाराचा नकार काढताना होणारी दमछाक आपोआप अनुभवास येते.

आता ‘नाहीतर’. हा शब्द ‘नाही’ आणि ‘तर’ ह्यांच्या संयोगाने झाला आहे: ‘तसे नसेल, तर’. ह्यातील ‘तसे’ शब्दात उच्चारले जात नाही; वाचकाने मागे जाऊन ते शोधावयाचे असते. ‘लवकर नीघ, नाहीतर गाडी चुकेल’ ह्या घरगुती वाक्यात शोध सोपा असतो, कारण मागे एकच गोष्ट असते. पाच अटींच्या माळेअखेरच्या ‘नाहीतर’मध्ये मात्र मागील पाचही अटींचा नकार साठलेला असतो. कार्यालयीन मराठीतील ‘अन्यथा’ हाच उरलेला सर्व प्रांत दर्शवितो. यंत्र हा प्रांत अचूक जाणते. ठराव लिहिणारा व आज्ञावली लिहिणारा बहुधा त्याचा केवळ एक कोपरा मनात धरून असतात. सशर्त विधानातील पुष्कळशा अर्थदोषांचे मूळ ह्या तफावतीत आहे.

४

समजा, ठराव असा आहे: ‘१० एककांपर्यंत दर ५ रुपये, ११ ते १५ एककांस ८ रुपये, त्याहून अधिक वापर झाल्यास दर १२ रुपये राहील.’ एक एकक म्हणजे हजार लिटर. वाक्य स्वच्छ वाटते. एका घराचा वापर १६ एकके झाला. १२ रुपयांचा दर सोळाही एककांना लावावयाचा, की केवळ सोळाव्या एककाला? पहिल्या अर्थाने बिल १९२ रुपये होते. दुसऱ्या अर्थाने पहिल्या दहांचे ५०, पुढील पाचांचे ४० आणि शेवटच्या एकाचे १२, असे १०२ रुपये होतात. ज्या आकारणीला टप्प्याटप्प्याची म्हणतात तिला दुसरा अर्थ अभिप्रेत असतो. पहिला अर्थ धरला तर १५ एककांचे १२० रुपये भरणाऱ्या घराला आणखी एका एककासाठी ७२ रुपये अधिक मोजावे लागतात. ‘झाल्यास’ ह्या रूपाने अट सांगितली, पण दराची व्याप्ती सांगितली नाही. आणि आज्ञावली लिहिणाऱ्याला ह्या दोहोंपैकी एक अर्थ निवडल्यावाचून गत्यंतर नसते. ठरावाने जो निर्णय घ्यावयाचा तो अशा वेळी नकळत त्याच्या हातून घेतला जातो.

दुसरा दोष ‘११ ते १५’ ह्या शब्दप्रयोगात आहे. मीटर पूर्ण एककांतच वाचन देतो असे नाही. आज्ञावलीत हे वाक्य जसेच्या तसे उतरविले तर असे होते:

जर वापर ≤ १० : पहिला टप्पा
नाहीतर जर वापर ≥ ११ आणि वापर ≤ १५ : दुसरा टप्पा
नाहीतर : तिसरा टप्पा

१०.४ एकके वापरणारे घर पहिल्या अटीत बसत नाही, दुसऱ्या अटीतही बसत नाही. ते थेट शेवटच्या ‘नाहीतर’मध्ये जाऊन पडते व सर्वांत जड टप्प्यात गणले जाते. ह्या मांडणीत एकही बाह्य नियम मोडलेला नाही. इतकेच नव्हे, प्रत्येक शाखेत दोन्ही मर्यादा लिहाव्यात म्हणजे विधान स्वयंस्पष्ट होते, असा उपदेश करणाऱ्याला ही मांडणी आदर्शच वाटेल. प्रत्यक्षात दुसऱ्या ओळीत केवळ ‘वापर ≤ १५’ लिहिले असते तर फट राहिलीच नसती, कारण दहापेक्षा अधिक असणे हे आधीच्या ‘नाहीतर’ने सिद्ध केलेले आहे. स्टीव्ह मॅकॉनेल ह्यांनी १९९३ सालच्या आपल्या ग्रंथात संख्यांच्या अटी संख्यारेषेच्या क्रमाने लिहाव्यात असे सुचविले. ती सूचना येथे खरी उपयोगी पडते. कारण संख्यारेषा डोळ्यांसमोर असली की फट दिसते. ह्यावरून असे म्हणावयास प्रत्यवाय नाही की अधिक शब्द म्हणजे अधिक स्पष्टता, हे समीकरण सशर्त विधानात टिकत नाही. शाखांनी मिळून सर्व प्रांत व्यापला आहे की नाही, हे वाचकाला ज्यामुळे पडताळता येते ती खरी स्पष्टता.

५

‘नाही’ ह्या शब्दाचीही तपासणी आवश्यक आहे. ‘या महिन्यात वाचन नाही’ ह्या वाक्याचे मराठीत दोन अर्थ होतात: वाचन घेतलेच गेले नाही, किंवा वाचन घेतले आणि वापर शून्य निघाला. बोलताना प्रसंगावरून अर्थ कळतो. पायथन भाषेत अटीच्या जागी केवळ ‘जर वाचन’ असे लिहिले, तर हीच संदिग्धता यंत्रात शिरते. कारण त्या भाषेत शून्य ही संख्या, रिकामी यादी आणि ‘काहीही नाही’ हे मूल्य ही तिन्ही अटीच्या जागी असत्यच मानली जातात. समजा, वाचन नसेल तर मागील महिन्यांच्या सरासरीने बिल काढावे असा नियम आहे. कुटुंब महिनाभर परगावी आहे, नळ बंद आहे, मीटरने प्रामाणिकपणे शून्य नोंदविले आहे. ‘जर वाचन’ ह्या सुटसुटीत अटीमुळे हे शून्य ‘वाचन नाही’त जमा होते, आणि न वापरलेल्या पाण्याचे सरासरी बिल त्या घरी जाते.

येथे ‘पेप ८’ची भूमिका तपासण्यासारखी आहे. एकीकडे यादी रिकामी आहे की नाही हे तिची लांबी न मोजता थेट तिच्या सत्यासत्यतेवरून पाहावे, असे ते सुचविते. दुसरीकडे ‘काहीही नाही’ हे मूल्य नाही ना, एवढेच पाहावयाचे असेल तेव्हा ही आखूड अट वापरताना सावध राहावे, असेही बजाविते. दोन्ही सूचना आपापल्या जागी योग्य आहेत. पण पहिली नियम म्हणून पाठ होते व दुसरी इशारा म्हणून विसरली जाते, असा शैलीच्या पाठांचा स्वभाव असतो. ह्यांना जोडणारे तत्त्व सांगता येते: ‘रिकामे’ आणि ‘अनुपस्थित’ ह्यांत विषयाच्या दृष्टीने भेद नसेल तेथे संक्षेप शोभतो; भेद असेल तेथे तो अर्थाचा घात करतो. भेद आहे की नाही हे भाषेचे नियमपत्र सांगू शकत नाही. ते पाणीपट्टीच्या जाणकारालाच विचारावे लागते.

नकार जोडशब्दांशी आला की गुंता वाढतो. ‘पावती किंवा ओळखपत्र नसल्यास अर्ज स्वीकारला जाणार नाही’ ही सूचना पाहावी. दोन्ही नसतील तर अर्ज नाकारावयाचा, की दोहोंपैकी एक नसले तरी? ‘किंवा’ आणि ‘नसल्यास’ ह्यांपैकी कोण कोणाला कवेत घेतो हे मराठी वाक्य सांगत नाही. तर्कशास्त्रात ह्या दोन अर्थांतील फरक ऑगस्टस डी मॉर्गन ह्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमांनी नेमका मांडला जातो. हे गृहस्थ १८०६ साली आपल्याच देशात, मदुराईस जन्मले होते. ‘अ किंवा ब’चा नकार म्हणजे ‘अ नाही आणि ब नाही’. ‘अ आणि ब’चा नकार म्हणजे ‘अ नाही किंवा ब नाही’. आज्ञावलीत कंस देऊन हा प्रश्न मिटविता येतो. त्याहून बरा उपाय म्हणजे संयुक्त अटीला होकारार्थी नाव द्यावे: ‘कागदपत्रे पुरी’ म्हणजे काय हे एकदा लिहावे, आणि पुढे तेवढेच विचारावे. असे नामकरण झाले म्हणजे त्या नावाची व्याख्या करणे टळत नाही, आणि व्याख्या करताना संदिग्धता उघडी पडते. नामकरणाच्या नियमाचे खरे मोल ह्यातच आहे. नाव सुंदर दिसते ह्यात नव्हे.

६

शेवटचा आणि सर्वांत वादाचा प्रश्न क्रमाचा आहे. मॅकॉनेल ह्यांच्या मते नित्याचा प्रसंग प्रथम लिहावा आणि अपवाद मागून यावेत. ह्याच्या उलट केंट बेक ह्यांनी १९९६ साली आणि मार्टिन फाउलर ह्यांनी १९९९ साली ‘पहारेकरी अटी’चा पुरस्कार केला: अपवाद आरंभीच निकालात काढून परत फिरावे, म्हणजे नित्याचे काम अटींच्या जंजाळातून मुक्त होते. दोन्ही पक्ष वाचनीयतेचाच दाखला देतात, आणि विद्यार्थी ज्या पुस्तकावर शिकला असेल त्या पक्षाचा होतो.

आपल्या परंपरेला हा प्रश्न अपरिचित नाही. कायद्याच्या मसुद्यात सामान्य नियम आधी व ‘परंतु’ने सुरू होणारा अपवाद मागून येतो. पाणिनीय व्याकरणातही उत्सर्ग आणि अपवाद अशी व्यवस्था आहे, आणि अपवाद कोठेही सांगितलेला असला तरी तो उत्सर्गाला बाधतो. पण ही व्यवस्था संपूर्ण ग्रंथ अवगत असलेला वाचक गृहीत धरते. यंत्र असा वाचक नव्हे. पहिली खरी ठरलेली शाखा ते घेते आणि पुढील ‘परंतु’ वाचतही नाही. म्हणून ठरावातील वाक्यांचा क्रम आज्ञावलीत तसाच ठेवणे, हे वरकरणी मुळाशी इमान राखणारे भाषांतर, अर्थाच्या दृष्टीने बेइमान ठरू शकते.

तथापि म्हणून सर्वच अपवाद आधी आणावेत असे नव्हे. अपवाद दोन जातींचे असतात. स्ट्रॉसन ह्यांनी १९५० साली दाखवून दिले की काही विधानांच्या पोटात एखादे गृहीत दडलेले असते. ते गृहीतच खोटे असेल तर विधान खरे की खोटे हा प्रश्नच उद्भवत नाही. ‘हे घर कोणत्या टप्प्यात पडते?’ ह्या प्रश्नाच्या पोटात ‘ह्या घराचे ग्राह्य वाचन उपलब्ध आहे’ हे गृहीत आहे. वाचन घेतलेच नसेल, किंवा मीटर बदलल्यामुळे मागील वाचन वजा करता ऋण संख्या येत असेल, तर टप्प्याचा प्रश्न विचारण्यातच अर्थ नाही. वरील माळेत ऋण संख्या ‘वापर ≤ १०’ ह्या पहिल्याच अटीत निमूटपणे सामावते, हे येथे ध्यानात घ्यावे. अशा अपवादाला पहारेकऱ्याची जागा दिली पाहिजे. परंतु सार्वजनिक नळाला किंवा शाळेला वेगळा दर असेल, तर तो गृहीत मोडणारा अपवाद नव्हे. तो त्याच प्रश्नाचे आणखी एक उत्तर आहे, आणि त्याची जागा इतर शाखांच्या पंक्तीत आहे. तो आरंभी काढून टाकला तर दरांची संपूर्ण यादी वाचकाला एके ठिकाणी पाहावयास मिळत नाही. मॅकॉनेल आणि फाउलर ह्यांचा विरोध अशा रीतीने बराचसा मावळतो. दोघेही निरनिराळ्या जातीच्या अपवादांविषयी बोलत आहेत असे दिसून येते.

७

एवढ्या विवेचनावरून सशर्त विधानांच्या लेखननियमांचे मूल्यमापन करण्यासाठी एक कसोटी हाती येते. जो नियम लिहिणाऱ्याला अनुच्चारित गोष्ट उच्चारावयास लावतो — प्रश्नाच्या पोटातील गृहीत, नकाराची व्याप्ती, ‘नाहीतर’मध्ये उरलेला प्रांत — तो अर्थाचा नियम होय, तो समजून घेतला पाहिजे आणि समजून पाळला पाहिजे. जो नियम केवळ मांडणी सारखी ठेवतो तो शिस्तीचा नियम. तो पाळण्याचे काम आता यंत्रावरही सोपविता येते. दोहोंना एकाच यादीत, एकाच सुरात सांगण्याने विद्यार्थ्याची समजूत अशी होते की मोकळ्या जागा बरोबर सोडल्या म्हणजे विधान स्पष्ट झाले.

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ सालचा. तेव्हापासून कार्यालयीन मराठीच्या परिभाषेवर पुष्कळ श्रम झाले. तिच्या वाक्यरचनेकडे, विशेषतः ‘-ल्यास’, ‘पर्यंत’, ‘किंवा’ आणि ‘अन्यथा’ ह्यांच्या नेमकेपणाकडे, त्या मानाने लक्ष गेले नाही. पूर्वी संदिग्ध वाक्याचा अर्थ लावावयास कारकून बसलेला असे, आणि परगावी गेलेल्या कुटुंबाचे शून्य त्याला शून्य म्हणूनच दिसे. आता तो अर्थ एकदाच लावला जातो आणि मग प्रत्येक घराला, दर महिन्याला, न चुकता लागू होतो. म्हणून ठराव लिहिणारा आणि आज्ञावली लिहिणारा ह्यांनी ‘नाहीतर’पाशी थांबून एकमेकांना विचारावयाचा प्रश्न एकच आहे: ह्यात आता कोण कोण उरले?